खाली न बघता

जानेवारीचा दुसरा शनिवार, सकाळचे सात चाळीस. रक्कम सहा हजार दिरहम, म्हणजे तेवीसच्या भावाने एक लाख अडतीस हजार रुपये. हजर चौघं: क्लबचे मुख्य कोच, माझी बायको, आमची मुलगी आणि मी. चौघंच होतो हे मी खात्रीने सांगतो, कारण धुकं इतकं होतं की जवळ जाऊन मोजल्याशिवाय मैदानावर कोण आहे हे कळत नव्हतं.

मैदान अल बर्शातल्या एका शाळेचं. शनिवारी सकाळी क्लब ते भाड्याने घेतो. आमच्या बिल्डिंगपासून गाडीने सहा मिनिटं, धुक्यात अकरा. हिवाळ्यात इथे आखातात काही सकाळी असं धुकं उतरतं की समोरचे टॉवर कमरेपासून वर नाहीसे होतात. मेट्रो दिसत नाही, नुसता ती सरकत गेल्याचा आवाज येतो. मी कडेला घडीची खुर्ची टाकून, थर्मासमधला चहा घेऊन बसायचो. धुक्यातून मुली एकेक करून यायच्या. आधी बुटांचा आवाज, मग कमरेच्या पट्ट्याला लटकणाऱ्या पिवळ्या फिती, मग चेहरा. मला नेहमी वाटायचं, आपण अजून उठलेलोच नाही.

कोच अमेरिकन, अडुसष्ट वर्षांचे. एकतीस वर्षं अमेरिकन फुटबॉल शिकवला. त्यातली एकोणीस मक्याच्या शेतांमधल्या एका गावच्या शाळेत आणि बारा इथे. एप्रिलमध्ये ते कायमचे परत जाणार होते. त्या सकाळी त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि बायकोला इंग्रजीत सांगितलं की कमिटीचं ठरलंय. मुलींची टीम या हंगामात शेवटच्या चारात आली, तर ती वेगळी टीम म्हणून राहील आणि माझी बायको तिची मुख्य कोच होईल. मानधन वर्षाचं सहा हजार. नाही आली, तर मुली मुलांच्या बॅचमध्ये जातील आणि तिथे कोच आधीच आहे.

"मग मी?" बायकोने विचारलं.

"आत्ता जसं करतेस तसं, मदतीला," ते म्हणाले. मदतीला म्हणजे पट्टे वाटणं, पाण्याच्या बाटल्या भरणं आणि मुख्य कोच कंटाळला की शिकवणं.

"ओके, कोच," ती म्हणाली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अहो, चहा आहे का अजून?" त्यावरून मला कळलं की तिला ते पद फार हवंय. एरवी ती मैदानावर चहा घेत नाही.

बायको ऊद मेथातल्या एका भारतीय शाळेत पीटीची शिक्षिका आहे. चौदा वर्षं. त्याआधी, अठराव्या वर्षी, ती सांगली जिल्ह्याकडून खो-खो खेळायची. लग्नानंतर खेळली नाही. मी तिला खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. घरात एक फोटो होता. त्यात तिचा एक पाय हवेत आणि केसांची वेणी आडवी. फोटोतली मुलगी कुठल्या दिशेला वळणार आहे हे कुणालाही सांगता आलं नसतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी मला ते कळलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मुलगी या खेळाला लागली. मुली खेळतात तो प्रकार अंगावर पडण्याचा नाही. पाच विरुद्ध पाच, कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना फिती. चेंडू घेऊन पळणारीची फीत ओढली की खेळी संपली. बायको तीन शनिवार माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. चौथ्या शनिवारी उठली, मैदानात गेली आणि एका मुलीची कंबर दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "कंबर इकडे सांग, पाय तिकडे टाक." ती मुलगी पुढच्या वेळी तिघींच्या मधून निघून गेली. कोचनी विचारलं, "तू कुठे शिकलीस?" बायको म्हणाली, "सांगली जिल्हा." त्यांनी मान डोलावली. अशा नावाचं मोठं विद्यापीठ असणार, असं त्यांना वाटलं असावं.

त्यानंतर ती मदतनीस झाली आणि तिने या खेळात खो आणला.

या खेळात चेंडू फेकणारी स्वतः पळू शकत नाही. ती एक तर लांब फेकते, नाही तर शेजारून जाणाऱ्या मुलीच्या पोटाशी चेंडू देते. बहुतेक टीममध्ये चेंडू घेणारी क्षणभर खाली बघते, हातात आला का हे बघायला. त्या क्षणात समोरची जवळ येते. खो-खोत पाठीवर थाप पडली आणि "खो" ऐकू आला की बसलेली उठून धावते, मागे बघत नाही. बायकोने तेच लावलं. चेंडू पोटाशी दाबायचा आणि त्याच क्षणी स्पष्ट म्हणायचं, "खो!" घेणारीने हात मिटायचे आणि डोळे समोर ठेवून सुटायचं. "खाली बघायचं नाही. खो मिळाला म्हणजे चेंडू मिळाला. खलास."

मी जबल अलीतल्या एका गोदामात साठ्याची मोजणी बघतो. मोजायची सवय सुटत नाही. म्हणून मी एक वही ठेवली आणि किती वेळा खाली बघितलं गेलं ते लिहीत गेलो. पहिल्या शनिवारी साठ खोंपैकी एक्केचाळीस वेळा. सहाव्या शनिवारी तीन वेळा.

मधल्या काळात एका संध्याकाळी तिने माझ्यावरही प्रयोग केला. बिल्डिंगच्या तळघरात, पार्किंगमध्ये.

"अहो, पळा. मी पोटाशी देणार. डोळे समोर."

"माझं पोट मोठं आहे, चुकणार नाही."

"बोलू नका. पळा."

मी पळालो. खांबाच्या बाजूने ती आली, पोटावर चेंडू बसला, कानाशी "खो" आला. मी खाली बघितलं.

"बघितलंत."

"सवयीने."

"परत."

सातव्या वेळी मी खाली बघितलं नाही. गाड्यांच्या रांगांमधून, पांढऱ्या दिव्यांखालून, चेंडू आहेच असं धरून पळत गेलो. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला अशी संधी क्वचित मिळते. पाय जमिनीला लागत होते की नाही आठवत नाही. टोकाला वॉचमन उभा होता. "सर, सब ठीक है?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "मिल गया." काय मिळालं ते त्याने विचारलं नाही.

हंगाम सुरू झाला. पहिला सामना हरलो, पुढचे दोन जिंकलो. मग बाकीच्या टीम शहाण्या झाल्या. "खो" ऐकू आला की चेंडू कुणाकडे आहे हे त्यांनाही कळायला लागलं. धुक्यात तर ते फारच सोपं होतं, कारण दिसत नसलं तरी ऐकू येतं. चौथा सामना हरलो. पाचवा, साखळीतला शेवटचा, जिंकला तरच शेवटच्या चारात. बरोबरी चालणार नव्हती.

तो सामना फेब्रुवारीच्या अखेरीस होता, सकाळी आठला. धुकं मैदानावर बसूनच होतं. मधल्या रेषेपलीकडचं मला दिसत नव्हतं. आरडाओरडा ऐकू यायचा आणि थोड्या वेळाने त्या आवाजातून मुली बाहेर यायच्या. कडेला हात मागे बांधून उभी असलेली बायको मधूनच पुसट व्हायची. एकदा तिने कुणाला तरी दिशा दाखवायला झटकन अंग वळवलं आणि एक पाय उचलला. वेणी आता नाही, केस कापलेले आहेत. तरी मी खुर्चीतून उठलो. फोटो हलताना बघावा तसं वाटलं. पुन्हा बसलो तेव्हा चहा सांडला होता.

शेवटच्या मिनिटाला ते वीस, आम्ही तेरा. मग आमच्या मुलीने एक लांब चेंडू फेकला, तो धुक्यात गेला आणि पलीकडून आमच्या मुलींचा आवाज आला. सहा गुण. वीस-एकोणीस. आता एक जादा खेळी मिळते. पाच यार्डांवरून घेतली तर एक गुण, म्हणजे बरोबरी. दहा यार्डांवरून घेतली तर दोन गुण, म्हणजे विजय. दहा यार्ड म्हणजे नऊ मीटर चौदा सेंटिमीटर.

बायकोने वेळ मागून घेतली. मुली कडेला आल्या. मी दोन पावलांवर होतो, सगळं ऐकू येत होतं.

"दहावरून," बायको म्हणाली. "डावीकडून खो. ती नेईल." ती म्हणजे टीममधली सगळ्यात लहान मुलगी, तेरा वर्षांची, केरळची. सगळे तिला धाकटी म्हणायचे. सगळ्यात चपळ तीच. वहीत तिच्या नावापुढे सलग चार शनिवार शून्य होतं.

आमची मुलगी म्हणाली, "कोच, दे ऑल फॉलो द खो. लेट मी फेक इट. आय से खो, आय कीप द बॉल, अँड आय थ्रो टू द राइट कॉर्नर. नोबडी विल बी देअर."

"नाही."

"इट्स लीगल!" ती मागे वळली. "कोच, टेल हर."

म्हातारे कोच टोपी मागे सरकवत म्हणाले, "नियमात बसतं. मी एकतीस वर्षं दर आठवड्याला केलंय. पण खेळी ठरवणार ती."

"नियमात बसतं, मला माहितीय," बायको मुलीला म्हणाली. "आज जमेलही. पण पुढच्या शनिवारी त्या खाली बघतील."

"हू विल?"

"सगळ्या."

"आई, इट्स युअर जॉब!" मैदानावर आई म्हणायचं नाही, हे घरात ठरलेलं होतं.

"कोच म्हण. आणि खरा खो. यल्ला, चला."

मुली गेल्या. रेषेवर उभ्या राहण्याआधी आमच्या मुलीने उजवीकडच्या मुलीच्या कानाशी काही तरी सांगितलेलं मी पाहिलं. ते बायकोनेही पाहिलं असणार. पण बोलायला वेळ नव्हता.

शिट्टी. धाकटी डावीकडून आली. आमच्या मुलीचा हात तिच्या पोटाशी गेला आणि स्वच्छ आवाज आला, "खो!" धाकटीने हात मिटले, डोळे समोर ठेवले आणि सुटली. समोरच्या पाचही जणी तिच्यावर आल्या. मी इतक्या वर्षांत कुणाला तसं पळताना पाहिलेलं नाही. कंबर इकडे, पाय तिकडे. एकीच्याही हाती फीत लागली नाही. नऊ मीटर चौदा सेंटिमीटर ती धुक्यातून गेली, छातीशी दोन्ही हात घट्ट धरून, आणि रेषेपलीकडे जाऊन गुडघ्यांवर बसली. पंचाने दोन्ही हात वर केले. सगळे ओरडले. ती हसत होती.

पंच दुसऱ्या कोपऱ्याकडे बघत होता. चेंडू तिथे होता, उजवीकडच्या मुलीच्या हातात.

धाकटीने मिटलेले हात उघडले आणि खाली बघितलं. मग आजूबाजूला गवतावर बघितलं, पडला की काय म्हणून. नंतर ती म्हणाली की पोटाशी हात लागला तेव्हा तिला चेंडूच वाटला होता.

एकवीस-वीस. आम्ही शेवटच्या चारात. मुलींनी आमच्या मुलीला उचलून घेतलं. बायको त्या घोळक्यात गेली नाही. ती सरळ धाकटीपाशी गेली, गुडघा टेकून तिच्यासमोर बसली आणि काही तरी बोलली. मला ऐकू आलं नाही. घरी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुझी धाव बरोबर होती, एवढंच सांगितलं."

परतताना धुकं उठत होतं. एका वळणावर करक, म्हणजे इथल्या कडक, चहाला थांबलो. हॉर्न वाजवला की पोरगा गाडीपाशी कप आणून देतो.

"वी वॉन," मागून मुलगी म्हणाली. "व्हाय इज नोबडी हॅपी?"

"मी आहे," मी म्हणालो.

"मीही आहे," बायको म्हणाली आणि कपावर फुंकर घातली. "तिला आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर शी वुड हॅव अ‍ॅक्टेड. इट हॅड टू लुक रिअल."

"हो. अगदी खरं दिसलं," बायको म्हणाली.

पुढच्या शनिवारी साठ खो झाले. चव्वेचाळीस वेळा खाली बघितलं गेलं. धाकटीने बारापैकी अकरा वेळा. सुरुवातीला, काहीच येत नव्हतं तेव्हा एक्केचाळीस होते, आता त्याहून तीन जास्त. वही मी बंद करून पिशवीत टाकली, पण मुलीने ती घरी काढून वाचली. पानाकडे बराच वेळ बघत होती.

बायको रागावली नाही. तिने फक्त बाकीच्या फेकणाऱ्या मुलींना बाजूला बसवलं आणि आमच्या मुलीला म्हणाली, "आता सगळ्यांना खो तूच द्यायचे. त्या बघायच्या थांबेपर्यंत."

"हाऊ मेनी?"

"माहीत नाही. बाबा मोजतील."

पहिल्या दिवशी दोनशे दिले. दुसऱ्या शनिवारी दोनशे चाळीस. प्रत्येक खो खरा. मार्च लागला होता, धुकं विरळ झालं होतं, आणि मैदानाची पलीकडची बाजू मी पहिल्यांदाच धड पाहिली. तिथे कडुनिंबाची सहा झाडं होती. दोन वर्षं मी तिथे काही नाही असं समजत होतो. अर्धवट झोपेत बसून मी रेघा ओढत होतो आणि कानावर एकच शब्द पडत होता. खो, खो, खो. मधूनच वाटायचं, हा आवाज सांगलीहून येतोय, पंचवीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी मातीच्या मैदानावरून, आणि इथे पोचायला त्याला इतका वेळ लागलाय. तिसऱ्या शनिवारी दर साठाला एकोणीस झाले. धाकटीचे बारापैकी पाच.

उपांत्य सामना त्यानंतरच्या रविवारी होता. आम्ही सहा-सव्वीस हरलो. एकूण बावीस खो दिले गेले आणि नऊ वेळा खाली बघितलं गेलं. त्या नऊही खेळ्या तिथेच संपल्या.

सामना संपल्यावर मुली गाड्यांकडे गेल्या. कोच चेंडूंची जाळी बांधत होते. बायको त्यांच्याजवळ गेली, मी मागे. मी तिला आधीच सांगितलं होतं, "बोलायची गरज नाही. अट शेवटच्या चारात येण्याची होती. आलो." ती म्हणाली, "तुमचा हिशेब बरोबर आहे," आणि तरी गेली.

तिने त्यांना सांगितलं की तो विजय तिचा नव्हता. तिने खरा खो सांगितला होता, मुलीने ऐकलं नाही. तिचं ऐकलं गेलं असतं तर कदाचित हरलो असतो आणि टीम राहिली नसती. कमिटीला हे कळायला हवं, मग त्यांनी ठरवावं.

कोचनी गाठ मारली, जाळी खाली ठेवली. "माझ्या नावावर लागलेल्या विजयांपैकी किती माझे होते, हे मी कधी मोजलं नाही," ते म्हणाले. "मोजायला बसलो असतो तर पहिल्याच वर्षी मका पेरायला गेलो असतो." मग माझ्याकडे, वहीकडे बघून म्हणाले, "नो ऑफेन्स."

"नाही, नाही," मी म्हणालो.

"कमिटीला मी सांगेन. ते विचारतील त्याआधी मी विचारतो. पुढच्या वेळी ती ऐकणार नाही तेव्हा काय करशील?"

बायकोने लगेच उत्तर दिलं. तिने आधीच ठरवलं होतं, फक्त मला सांगितलं नव्हतं. "पुढच्या हंगामात ती फेकणार नाही. ती पळेल. खो घेईल."

"ती तुझी सगळ्यात चांगली फेकणारी आहे."

"हो."

"आणि हरलात तर?"

"हरू."

त्यांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "शाळेकडून एनओसी घे. त्याशिवाय पैसे देता येत नाहीत." आणि हात पुढे करून पहिल्यांदाच म्हणाले, "कोच."

गाडीत मुलीला सांगितलं तेव्हा तिने आधी सीटचा पट्टा ओढून लावला. मग म्हणाली, "हू विल गिव्ह मी द खो?"

"धाकटी," बायको म्हणाली.

"शी हेट्स मी."

"नाही. पण ती तुला खरा खो देते की नाही, हे तुला खाली न बघता समजून घ्यावं लागेल."

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी हंगामाबाहेरचा सराव झाला. आमच्या मुलीने दहापैकी दहा वेळा खाली बघितलं. दहाही वेळा चेंडू होता.

कमिटीने होकार दिला, आणि शाळेचं एनओसी अकरा दिवसांनी मिळालं. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी, परत जाण्याच्या दोन दिवस आधी, कोचनी चेक दिला. सहा हजारांतून हंगामात हरवलेल्या दोन पट्ट्यांचे एकशे सत्तर वजा करून पाच हजार आठशे तीस दिरहम. मिळाले माझ्या बायकोला, मुलींच्या टीमची मुख्य कोच म्हणून.